पत्त्यांच्या खेळातील हूल : रचना, किंमत आणि कायद्याची दृष्टी – एक चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : हूल, थाप, बंद हुकूम, तिर्रट, डेकची रचना, कौशल्य व नशीब

प्रस्तावना

तीन पत्त्यांच्या जुगाराला मराठवाड्यात ‘तिर्रट’ म्हणतात. बीड जिल्ह्यात जुगार अड्ड्यांवर पडणाऱ्या छाप्यांच्या बातम्यांत ‘तिर्रट’ आणि ‘झन्ना मन्ना’ ही दोन नावे नेहमी आढळतात. याच जिल्ह्यातील घराघरांत सुट्टीच्या दुपारी मेंढीकोट, बदाम सात किंवा रमीचा डाव बसतो आणि त्यास कोणी जुगार म्हणत नाही. कॅट तोच, बावन्न पत्तेही तेच. परंतु एक खेळ बुद्धीचा व दुसरा केवळ नशिबाचा आणि फसवाफसवीचा, अशी समजूत लोकमानसात रुजलेली आहे. या समजुतीला न्यायालयीन निर्णयाचाही आधार मिळालेला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या समजुतीच्या मुळाशी असलेली ‘हूल’ ही संकल्पना होय. इंग्रजी खेळपरिभाषेत जिला ‘ब्लफ’ म्हणतात ती हूल म्हणजे फसवणूक की कौशल्य? संपूर्ण डेकच हुलीवर बेतावयाचा झाल्यास त्याची रचना कोणत्या तत्त्वांवर करावी लागते? आणि हूल हे कौशल्य ठरत असेल, तर तिर्रटीविषयीचा निवाडा चुकीचा ठरतो काय? या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार येथे केला आहे.

संज्ञाविचार : थाप, हूल आणि लबाडी

मराठी भाषेने या क्षेत्रात सूक्ष्म भेद केलेले आहेत. ‘थाप’ ही शब्दांनी मारली जाते. ती असत्य विधान असते. ‘हूल’ ही कृतीने दिली जाते. तीत विधान नसतेच. खो-खोत किंवा कबड्डीत गडी एका बाजूला झुकतो आणि दुसऱ्या बाजूला जातो. तो झुकला हे खरेच असते. त्यावरून तो तिकडेच जाणार असा निष्कर्ष प्रतिस्पर्ध्याने काढलेला असतो. ‘हूल उठणे’ या प्रयोगातही हाच अर्थ आहे : शत्रू आलेला नसतो, तरी त्याच्या येण्याच्या वार्तेने गाव हलते.

पत्त्यांच्या खेळात हे दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे दिसतात. ‘चॅलेंज’ या खेळात गडी पत्ते पालथे टाकून ‘तीन एक्के’ असे जाहीर करतो. ते एक्के नसतील तर ती सरळ थाप असते, आणि नियमांनीच तिला मुभा दिलेली असते. मेंढीकोटात मात्र कोणी काही जाहीर करीत नाही. तेथे उतारीच्या पत्त्यावरून, टाकलेल्या पत्त्यावरून आणि न टाकलेल्या पत्त्यावरून समोरचा आपले अनुमान बांधतो. ते अनुमान चुकावे अशी योजना करणे म्हणजे हूल.

तिसरी संज्ञा ‘लबाडी’. पत्त्यांना खूण करणे, भिडूला डोळ्याने इशारा करणे, पिसताना पत्ता लपविणे हे सर्व लबाडीत मोडते. हूल आणि लबाडी यांतील सीमारेषा स्पष्ट आहे. हूल नियमांच्या आत राहते आणि ती देण्याचा अधिकार सर्व गड्यांना सारखा असतो. लबाडी नियम मोडते आणि त्या मोडण्याची वार्ता फक्त एकाच पक्षाला असते. सार्वजनिक चर्चेत या तीन संज्ञांची सरमिसळ होते व त्यामुळे हुलीच्या वाट्याला लबाडीची अपकीर्ती येते.

परंपरेतील स्थान

भारतीय परंपरेने द्यूताकडे दोन दृष्टींनी पाहिलेले आहे. महाभारताच्या सभापर्वातील शकुनीचे द्यूत हे कपटाचे उदाहरण म्हणून सर्वपरिचित आहे. त्याच महाभारताच्या वनपर्वात नळाची कथा येते. द्यूतात राज्य गमावलेला नळ ऋतुपर्ण राजाकडून ‘अक्षहृदय’ ही विद्या शिकतो. ऋतुपर्ण झाडाची पाने आणि फळे दृष्टिक्षेपात मोजतो आणि या गणनेच्या सामर्थ्याचा संबंध फाशांच्या ज्ञानाशी जोडला जातो. म्हणजे द्यूतातील गणना ही शिकण्याजोगी विद्या आहे, हे परंपरेस मान्य होते. कपट निंद्य आणि गणना वंद्य, अशी ही विभागणी आहे. यांच्या मध्ये असलेल्या हुलीला तीत स्वतंत्र जागा नाही.

ही जागा सूचित होते ती भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातील विभूतिवर्णनात. छळ करणाऱ्यांमध्ये द्यूत ही आपली विभूती असल्याचे तेथे सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी या स्थळी केलेल्या भाष्याचा आशय असा, की भर चौकात सर्वांदेखत घडणारी आणि तरीही कोणास निवारता न येणारी ही चोरी आहे. हा विचार मार्मिक आहे. चोरीचे मर्म लपण्यात असते. येथे मात्र ती उघड्यावर आणि लुटल्या जाणाऱ्याच्या संमतीने होते. खेळास बसतानाच प्रत्येक गड्याने आपल्याला चकविले जाईल हे मान्य केलेले असते. हुलीला लबाडीपासून वेगळे करणारे तत्त्व म्हणजे ही पूर्वसंमती होय.

बंद हुकूम : घरगुती खेळातील हूल

हूल ही जुगाराची अपत्य आहे, हा समज मेंढीकोटाच्या साध्या परीक्षणाने दूर होतो. या खेळात चार गडी, दोन जोड्या आणि प्रत्येकास तेरा पत्ते असतात. चार दश्श्यांपैकी अधिक दश्श्या पकडणारी जोडी जिंकते. दोन-दोन झाल्यास हातांच्या संख्येवर निर्णय होतो. हुकूम ठरविण्याच्या रीती गावोगाव थोड्याफार बदलतात. त्यांपैकी ‘बंद हुकूम’ या रीतीत पत्ते वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा गडी आपल्या तेरा पत्त्यांतील एक पत्ता पालथा ठेवतो. त्या पत्त्याचा रंग हाच हुकूम. उतारीचा रंग ज्याच्याकडे नाही तो गडी हुकूम उघडण्याची मागणी करतो. तोपर्यंत तो रंग एकट्यालाच ठाऊक असतो.

या पालथ्या पत्त्याभोवती संपूर्ण डाव फिरतो. ज्या रंगाचे पत्ते सर्वाधिक तोच रंग हुकूम करावा, हा सामान्य नियम. परंतु हा नियम सर्वांना ठाऊक असल्याने मुरलेला गडी कधी चार पत्त्यांच्या रंगातून हुकूम ठेवतो. त्याने इस्पिकाची उतारी केली की इतर तिघे ‘इस्पिक हुकूम नसावा’ असे धरतात. म्हणून केव्हातरी हुकमाच्याच रंगाची उतारी करावी लागते. अशा उतारीत त्याचा एक हुकूम खर्ची पडतो. हुलीची ही किंमत होय. दुसरी किंमत अधिक अवघड असते : हूल प्रतिस्पर्ध्यांना लागते तशी आपल्या भिडूलाही लागते. भिडू चकला आणि त्याने दश्शी चुकीच्या हातात टाकली, तर हूल यशस्वी होऊनही डाव जातो. म्हणून भिडूला आवरता येईल आणि विरोधकाला आवरता येणार नाही इतकीच हूल द्यावी, हे तारतम्य येथे लागते. पैशाचा संबंध नसलेल्या घरगुती खेळात ही बुद्धी पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात आहे.

हुलीवर बेतलेला डेक

मेंढीकोटात कॅट सर्वांचा एकच असतो. प्रत्येक गड्याने आपला डेक स्वतः रचून आणावा, ही कल्पना रिचर्ड गारफिल्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या १९९३ मधील खेळाने रूढ केली. १९९९ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘यू-गि-ओह!’ या खेळाने तिचा प्रसार केला आणि २०२२ पासून त्याची ‘मास्टर ड्युएल’ ही आवृत्ती मोबाइलवरही उपलब्ध झाली. हुलीच्या अभ्यासास हा खेळ विशेष उपयुक्त आहे. यात मुख्य डेक ४० ते ६० पत्त्यांचा असतो आणि एकाच नावाचे तीनपेक्षा अधिक पत्ते ठेवता येत नाहीत. ‘ट्रॅप’ म्हणजे सापळ्याचा पत्ता हातातून थेट वापरता येत नाही. तो आधी पटावर पालथा ठेवावा लागतो आणि पुढल्या खेपेपासून वापरता येतो. ‘स्पेल’ जातीचे पत्ते मात्र थेट वापरता येतात, तरीही ते पालथे ठेवण्याची मुभा आहे. परिणामी, पालथा पत्ता सापळा आहे की निरुपद्रवी, हे समोरच्याला कळत नाही. हल्ला करणाऱ्याची सर्व आक्रमक प्यादी एकदम नष्ट करणारा ‘मिरर फोर्स’ हा अशा सापळ्यांपैकी गाजलेला पत्ता आहे.

हुलीवर बेतलेला डेक म्हणजे खोट्या पत्त्यांनी भरलेला डेक, असा नवख्याचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. ४० पत्त्यांच्या डेकमध्ये एखाद्या सापळ्याच्या तीन प्रती ठेवल्या, तर आरंभीच्या पाच पत्त्यांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. एकच प्रत ठेवली तर ती साडेबारा टक्क्यांवर येते. स्पर्धेतील सामना बहुधा तीन डावांचा असतो आणि पहिल्या डावात प्रतिस्पर्ध्याने काय पाहिले यावर पुढील दोन डावांतील हूल अवलंबून असते. ज्या डेकमध्ये सापळा कधी दिसलाच नाही, त्याच्या पालथ्या पत्त्याला कोण भिणार? हुलीचे भांडवल सत्य हेच आहे.

हे सत्य किती प्रमाणात असावे, याचे गणित मांडता येते. समजा, पालथा पत्ता निरुपद्रवी असताना हल्ला केल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण लाभतो आणि तो सापळा असल्यास दोन गुणांची हानी होते. तीन पालथ्या पत्त्यांमागे सरासरी एक सापळा असेल, तर त्याचा लाभ व हानी समसमान होतात आणि हल्ला करावा की न करावा हे त्याला ठरविता येत नाही. हानी चार गुणांची असेल तर पाचांत एक सापळाही पुरेसा होतो. धाक जितका मोठा, तितके खरे पत्ते कमी लागतात. म्हणून रचनाकार आधी धाकाचा पत्ता निवडतो आणि मग संख्या ठरवितो.

यावरून रचनेची आणखी तीन तत्त्वे निघतात. पहिले, हूल म्हणून ठेवायचा पत्ता स्वतःही उपयोगी असावा. पालथा ठेवलेला स्पेल पुढे वापरता येत असेल, तर हूल फसली तरी पत्ता वाया जात नाही. दुसरे, खरा आणि खोटा पत्ता ठेवण्याची रीत एकसारखी असावी. सापळा ठेवताना विचार करणारा आणि स्पेल चटकन ठेवणारा गडी आपले गुपित स्वतःच फोडतो. तिसरे, हूल ही जाणत्यासाठीच असते. सापळ्यांची माहिती नसलेला नवखा गडी निःशंकपणे हल्ला करतो आणि उत्तम रचलेला डेक त्याच्यापुढे कोसळतो. ज्याला भय कळत नाही त्याला हूल लागत नाही. म्हणून सौम्य प्रतिस्पर्ध्यांच्या स्पर्धेत असा डेक निवडणे हीच चूक ठरते.

तिर्रटीतील हूल

आता तिर्रटीकडे वळता येईल. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते निवडण्याचे २२,१०० प्रकार आहेत. त्यांपैकी ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६ आणि जोडी ३,७४४ प्रकारांनी येते. उरलेल्या १६,४४० प्रकारांत, म्हणजे सुमारे ७४ टक्के वेळा, हातात सांगण्याजोगे काहीच नसते. दर चार हातांपैकी तीन हात रिकामे असताना डाव पुढे सरकतो तो केवळ हुलीच्या बळावर. शिवाय, पत्ते न पाहता खेळणाऱ्या ‘ब्लाइंड’ गड्याच्या किमान दुप्पट रक्कम पत्ते पाहून खेळणाऱ्याला लावावी लागते. आपल्याकडे काय आहे हे स्वतःलाच ठाऊक नसलेला गडी येथे जाणत्यावर दडपण आणतो. हूल येथे नियमांतच बसविलेली आहे.

अशा हुलीचे शास्त्र जॉन फॉन नॉयमन यांनी मांडले. त्यांचा खेळांविषयीचा पहिला निबंध १९२८ मधील. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेला १९४४ मधील ग्रंथ पोकर आणि त्यातील हूल यांचे सविस्तर विवेचन करतो. त्यांच्या सोप्या केलेल्या पोकरमध्ये असे दिसते, की मोठी रक्कम सर्वोत्तम पत्त्यांवर आणि कधीकधी सर्वांत वाईट पत्त्यांवर लावावी. मध्यम पत्त्यांवर मात्र सावध राहावे. डावात १०० रुपये जमले असताना कोणी आणखी १०० लावले, तर प्रतिस्पर्धी २०० मिळविण्यासाठी १०० पणाला लावतो. लावणाऱ्याच्या अशा तीन खेळींपैकी दोन खऱ्या आणि एक हुलीची असल्यास प्रतिस्पर्ध्याला स्वीकारणे आणि सोडणे सारखेच ठरते. म्हणजे येथेही हुलीला प्रमाण आहे, गणना आहे आणि शिस्त आहे.

न्यायालयाची दृष्टी

या पार्श्वभूमीवर एका निवाड्याचे परीक्षण आवश्यक ठरते. सिकंदराबादमधील एका करमणूक क्लबवर १९६३ मध्ये पडलेल्या छाप्यातून निर्माण झालेला आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्यात लागू असलेला कायदा हैदराबाद संस्थानाचा, १३०५ फसलीचा जुगारविषयक कायदा होता. बीड जिल्हा त्या संस्थानाचाच भाग होता, हे लक्षात घेतल्यास या खटल्याचे मराठवाड्याशी असलेले नाते स्पष्ट होते.

नोव्हेंबर १९६७ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी दिलेल्या निर्णयात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविण्यात आला. पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात आणि कोणता पत्ता धरावा, कोणता सोडावा याला कौशल्य लागते, हे त्याचे कारण. पत्ते पिसून वाटले जातात तेथे नशिबाचा अंश येतोच व तो ब्रिजमध्येही असतो, हेही न्यायालयाने नोंदविले. त्याच ओघात ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ अशा नावांनी ओळखला जाणारा तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले गेले.

या निर्णयातील कौशल्याची कल्पना स्मरण आणि जुळवाजुळव यांपुरती मर्यादित आहे. ही दोन्ही कौशल्ये गड्याचा स्वतःच्या पत्त्यांशी असलेला व्यवहार दाखवितात. समोरच्या माणसाच्या मनाशी होणारा व्यवहार तीत मोजलेला नाही. तीन पत्ते बदलता येत नाहीत, त्यांत भर घालता येत नाही, म्हणून कौशल्याला वाव नाही, असे पत्त्यांकडे पाहिल्यास वाटते. खेळाकडे पाहिल्यास तसे वाटत नाही. पुढील काळात पोकरविषयी निर्माण झालेल्या मतभेदाचे मूळही येथेच आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा नशिबाचा खेळ मानला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने मात्र ब्रिज व रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळलेले आहे.

थैली आणि हूल

तिर्रटीत कौशल्य आहे, एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. हुलीचा विचार येथे एक पाऊल पुढे न्यावा लागतो. प्रत्येक हुलीला किंमत मोजावी लागते, हे वर दिसून आले. मेंढीकोटात ती किंमत हुकमाच्या पत्त्याने दिली जाते आणि दोन्ही पक्षांकडे तेरा-तेराच पत्ते असतात. रचलेल्या डेकमध्ये ती डेकमधील जागेने दिली जाते आणि पत्त्यांच्या संख्येची मर्यादा सर्वांना सारखीच असते. तिर्रटीत ती किंमत पैशाने दिली जाते आणि पैसा सर्वांकडे सारखा नसतो. ज्याची थैली मोठी त्याची हूल टिकते. ज्याची लहान त्याला चांगले पत्ते असूनही डाव सोडावा लागतो. शिवाय हुलीचे प्रमाण फलद्रूप व्हायला शेकडो डाव लागतात. तितके डाव बसण्याची ऐपत नसलेल्यासाठी तो खेळ प्रत्यक्षात नशिबाचाच राहतो.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसऱ्यानंतर येथील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात व त्यापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतात. ती कमाई नव्हे, येणाऱ्या हंगामाच्या श्रमावरचे कर्ज असते. अशी रक्कम हातात असलेला माणूस तिर्रटीला बसला, तर तो पत्ते लावीत नाही. पती-पत्नीचे पुढचे काही महिने लावतो. त्याच्यासमोर मोकळ्या पैशाचा गडी असेल, तर दोघे एकाच नियमाने खेळत असूनही एकच खेळ खेळत नसतात. ज्या पूर्वसंमतीमुळे हूल लबाडीपासून वेगळी ठरते, ती संमती येथे पोकळ होते. द्यूतसभेत युधिष्ठिरही आपल्या इच्छेनेच बसला होता.

या दृष्टीने संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेला ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा उल्लेखनीय आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवरील बंदीसाठी या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेद निकषच मानलेला नाही. त्याच वेळी ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. बंदी हाच योग्य मार्ग आहे काय, यावर मतभेद संभवतात. परंतु प्रश्न खेळातील बुद्धीकडून खेळातील पैशाकडे वळविला गेला, ही दिशा योग्य आहे.

निष्कर्ष

१. थाप, हूल आणि लबाडी या भिन्न संज्ञा आहेत. हूल नियमांच्या आत, सर्वांच्या पूर्वसंमतीने आणि कृतीद्वारे दिली जाते. म्हणून ती फसवणूक ठरत नाही.

२. हुलीवर बेतलेल्या डेकचा पाया खऱ्या पत्त्यांवर असतो. धाकाच्या तीव्रतेनुसार खऱ्या-खोट्याचे प्रमाण ठरविणे हे त्याच्या रचनेचे मुख्य सूत्र आहे.

३. मेंढीकोटातील बंद हुकमावरून हूल ही जुगारापासून स्वतंत्र असलेली खेळबुद्धी असल्याचे सिद्ध होते.

४. तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा, हे १९६७ च्या निर्णयातील मत हुलीचे कौशल्य विचारात घेत नाही. तथापि त्या खेळाविषयीची सामाजिक चिंता अनाठायी नाही; तिचे कारण मात्र वेगळे आहे.

५. हुलीची किंमत जेथे सर्वांजवळ सारख्या असलेल्या पत्त्यांनी दिली जाते तेथे खेळ राहतो. जेथे ती विषम असलेल्या पैशाने दिली जाते तेथे जुगार सुरू होतो. मेंढीकोट आणि तिर्रट यांतील सीमारेषा बुद्धी आणि नशीब यांच्यामध्ये नसून येथे आहे.